आजीची गोठ ‘शुद्ध’ करायची का?

प्रश्न थोडक्यात सांगतो. (गोठ म्हणजे वऱ्हाडीत गोष्ट.) विचारणारी मुलगी दारव्हा तालुक्यातली, मराठीत पीएच.डी.ला नोंदणी झालेली. दोन वर्षांत तिने स्वतःच्या आजीकडून 23 गोष्टी मोबाइलवर उतरवून घेतल्या. मार्गदर्शक म्हणतात, वऱ्हाडी काढा, प्रमाण मराठीत लिहा आणि प्रत्येक गोष्टीला रशियन अभ्यासक प्रॉपची 31 कार्ये (म्हणजे कथेत ठरल्या क्रमाने येणाऱ्या घटना) लावून तक्ता करा. भाऊ म्हणतो, या गोष्टी बालवाडीच्या पुस्तकात आहेत, यात संशोधन ते काय? आणि आजी म्हणते, यातल्या तीन गोष्टी कुठं छापू नको. आता काय करू?

मी तीसेक वर्षं ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवली आणि सुट्टीत यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडची गावं धरून गोष्टी गोळा केल्या. त्यामुळे सल्ला देतो तो चुका करून झालेल्या माणसाचा आहे.

भावापासून सुरुवात करू, कारण त्याचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. तुमच्या 23 मध्ये काऊ-चिऊची गोष्ट आहे असं तुम्ही लिहिलंय. ती सगळ्यांना येते, हे खरं. पण ती किती जुनी? तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी आपल्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं, त्यात ती आहे. तिथं कावळ्याचं घर शेणाचं आणि ‘साळै’चं घर मेणाचं आहे. साळै म्हणजे साळुंकी. म्हणजे सातशेहून अधिक वर्षांत शेण राहिलं, मेण राहिलं, पाऊस राहिला, कावळा राहिला आणि साळुंकीची चिमणी झाली. आता भावाला विचारा, पुस्तकातल्या चिमणीने कावळ्याला किती वेळा थांबवलं आणि आजीच्या चिमणीने किती वेळा? तो मोजून आला की संशोधन सुरू झालं.

याच गोष्टीतला माझा एक अनुभव सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दिग्रसकडच्या एका गावात एक आजी होत्या. त्यांनी ही गोष्ट मला पहिल्यांदा उन्हाळ्यात सांगितली, अंगणात बाजेवर बसून, चार नातवंडं समोर. शेवटी चिमणीने कावळ्याला घरात घेतलं, तव्यावर बसायला सांगितलं आणि कावळा भाजला. पोरं खिदळली. मी लिहून घेतलं, ‘शेवट : कावळ्याला शिक्षा’. काही महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा पोरांनी तीच गोष्ट मागितली. या वेळी कावळा चुलीजवळ अंग शेकून, दाणे खाऊन, सकाळी उडून गेला. मला वाटलं आजी विसरल्या. म्हटलं, आजी, मागच्या वेळी तर कावळा जळला होता. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘आता पितरपाटा चालू हाये नं बापा. कावयाले कसं जायू?’’

म्हणजे, कावळ्याला कसं जाळू? पितृपक्ष होता. सकाळी त्यांनीच घरावर पान टाकून कावळ्याची वाट पाहिली असणार आणि रात्री त्याच कावळ्याला तव्यावर बसवायचं? माझ्या वहीतला ‘शेवट’ त्या दिवशी निकामी झाला. आजींकडे त्या गोष्टीला दोन शेवट होते आणि कोणता कधी काढायचा ते त्यांना पक्कं माहीत होतं. मी पहिल्या भेटीत तारीख लिहिली होती, तिथी लिहिली नव्हती. तेव्हापासून दोन्ही लिहितो.

तर बालवाडीच्या पुस्तकातली गोष्ट आणि आजीची गोष्ट यांत हा फरक आहे. पुस्तकात गोष्ट असते, आजीकडे गोष्टीचं सांगणं असतं. तुमचा अभ्यासविषय ते सांगणं आहे. एवढं एकदा ठरलं की बोलीचं काय करायचं आणि तक्त्याचं काय करायचं हे आपोआप सुटत जातं.

बोलीचं बघू. वऱ्हाडी काढून प्रमाण मराठी घातली तर काय जातं, हे तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा माझ्या वहीतला एक तुकडा देतो. याच आजी, याच गोष्टीतला. मी जसं ऐकलं तसं लिहिलंय.

‘‘चिमनी म्हने, थांब बापा, माह्या लेकराले न्हाऊ घालतो.’’
नातू : ‘‘हं.’’
‘‘कावया बायेर. पानी असं धो धो. कोनाची व ते बकरी? हाकल तिले. हं, तं कावया म्हने, चिमनीबाई चिमनीबाई, कवाड उघड.’’
नातू : ‘‘मंग?’’
‘‘मंग काय! थांब बापा, म्हने, घर सारवून घेतो. आता पान्यापावसात सारवन करते का कोनी? पन थिले उघडाचंच नोयतं.’’

याचं प्रमाण मराठीतलं रूप माझ्या पहिल्या वहीत असं होतं : ‘चिमणी म्हणाली, थांब, बाळाला आंघोळ घालते. थोड्या वेळाने कावळ्याने पुन्हा दार वाजवले. चिमणी म्हणाली, थांब, घर सारवून घेते.’ गोष्ट तीच. पण बकरी गेली, नातू गेला, आणि ‘पन थिले उघडाचंच नोयतं’ (पण तिला उघडायचंच नव्हतं) हे वाक्यही गेलं. ते वाक्य आजींचं स्वतःचं आहे, चिमणीचं नाही. गोष्ट थांबवून त्यांनी चिमणीबद्दल आपलं मत दिलं. कथनशास्त्रात विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेत्स्की यांनी 1967 मध्ये अशा जागांना ‘मूल्यमापन’ म्हटलं : सांगणारा जिथं ऐकणाऱ्याला सुचवतो की यातलं महत्त्वाचं काय, हे मी का सांगतोय. त्यांनी ते अमेरिकेतल्या साध्या माणसांनी सांगितलेल्या स्वानुभवांवरून काढलं. आपल्या अंगणात ते ‘आता पान्यापावसात सारवन करते का कोनी’ असं येतं. हे वाक्य कापलं की चिमणी कामसू गृहिणी होते. ठेवलं की बहाणेबाज. पात्रच बदललं!

आणि ‘घालतो’, ‘घेतो’ याकडे बघा. आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. शुद्धलेखन तपासणारा त्याचं ‘जाते, येते’ करून टाकतो आणि त्याला वाटतं आपण चूक दुरुस्त केली. ती चूक नाही, ते व्याकरण आहे.

बोलीत लिहिण्याला आधार काय, असं मार्गदर्शकांनी विचारलं तर ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड दाखवा, 1905 चा. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने छापलेले आहेत. गंमत अशी की त्या सर्वेक्षणात ठिकठिकाणच्या बोलींत एकच गोष्ट करून मागवली होती, बायबलमधली उधळ्या मुलाची. तुलना करायला ते सोयीचं होतं. जोडीला स्थानिक कथेचा किंवा उताऱ्याचा एखादा नमुनाही मागवला होता, पण त्या बोलीत लोक आपण होऊन काय काय सांगतात ते बरंचसं बाहेर राहिलं. तुमच्या 23 गोष्टी नेमक्या त्या राहिलेल्या जागेत बसतात.

तरी मार्गदर्शकांशी भांडू नका. प्रबंध त्यांच्या सहीशिवाय जात नाही आणि बाहेरच्या परीक्षकाला ‘थिले’ समजेलच असं नाही. व्यवहारी तोड अशी : मुख्य प्रकरणांत गोष्टीचा सारांश प्रमाण मराठीत, चर्चेत लागतील तेवढी आजीची वाक्यं जशीच्या तशी, आणि परिशिष्टात सगळं लेखन बोलीत, ऐकणाऱ्यांच्या बोलण्यासह. शेवटी छोटा शब्दार्थ. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध असे गेले आहेत. एकाच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत फक्त परिशिष्टावरच प्रश्न विचारले.

आता म्हाइंभटांकडे परत येतो. क्षेत्रकार्य म्हणजे परदेशी पुस्तकातून आलेली गोष्ट, असं आपल्या विभागांत उगीच समजतात. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याकडे होत्या त्या माणसांना म्हाइंभट गावोगाव जाऊन भेटले, मिळालेल्या लीळा नागदेवाचार्यांसमोर ठेवून पारखून घेतल्या. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा आठवणीतून पाठ पुन्हा उभे केले गेले. या महानुभाव परंपरेत पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात आणि कुणाची वासना कोणती, हे जपलं जातं. एकच खरा पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. तुम्ही आजीचे कावळ्याचे दोन शेवट दोन वासना म्हणून नोंदवले तर ते रिद्धपूरला धरूनच होईल. प्रस्तावनेत दोन पानं यावर लिहा.

सांगणाऱ्याच्या नोंदीबद्दलही दोन जुनी उदाहरणं माहीत असू द्या. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचं गीत एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, उतरवून घेतलं. हिस्लॉप गेल्यावर ते कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. गोंडी साहित्याच्या अभ्यासात त्या नोंदीला मोल आहे, पण सांगणारा आपल्यासाठी ‘एक परधान’ एवढाच उरतो. दोनच वर्षांनी, 1868 मध्ये, मेरी फ्रिअर यांचा दख्खनच्या गोष्टींचा संग्रह आला. त्यात गोष्टी सांगणाऱ्या ॲना लिबेराता डिसूझा या आयाचं नाव आहे आणि तिने स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलेलंही छापलं आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका आयाला जे मिळालं ते आज आपल्या प्रबंधांत ‘निवेदक : एक वृद्ध महिला, वय 70’ एवढ्यावर भागवतात. मला याचा राग येतो, म्हणून लांबण लावलं.

आजीबद्दल काय लिहायचं? वय आणि शिक्षण यापेक्षा महत्त्वाचं आहे माहेर. हे मला फार उशिरा कळलं. एका गावात सहा बायकांकडून गोष्टी घेतल्या आणि गावाचा नकाशा काढून बसलो, त्यात काहीच सुसंगती दिसेना. शेजारशेजारच्या घरांत एकाच गोष्टीची रूपं वेगळी आणि वीस कोसांवरच्या गावात तंतोतंत तेच रूप. मग एका बाईंनीच सहज सांगितलं, ‘‘हे तं माह्या मायची गोठ हाये, इथली नाई.’’ गोष्टी सोयरिकीच्या वाटेने चालत होत्या. सून येते तेव्हा आईकडच्या गोष्टी घेऊन येते आणि सासूकडच्या ऐकते. म्हणून प्रत्येक गोष्टीमागे विचारा : कोणाकडून ऐकली, तेव्हा तू केवढी होतीस, त्या कुठल्या होत्या? आजीच्या आईचं माहेर मिळालं तर तेही. 23 गोष्टींच्या या नोंदी एका कागदावर मांडा, तुमचं एक प्रकरण तिथंच तयार होईल.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंय की आजी दुपारी निवांत असते म्हणून दार लावून, पंखा बंद करून रेकॉर्ड केलं आणि बऱ्याच गोष्टी चार-पाच मिनिटांत संपल्या. संपणारच. समोर हुंकारा द्यायला कुणी नाही, नात मोबाइल धरून गप्प बसलेली. शिवाय दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो असं आपल्याकडे म्हणतातच, तुमच्या आजीला ते आठवत असेल आणि नातीसाठी त्या तोंडातल्या तोंडात उरकत असतील. मीही हेच केलं होतं. कॅसेटच्या काळात तर फीत वाचवायला आजी बकरीवर ओरडल्या की मी बटन बंद करायचो! तासाभराच्या कॅसेटमध्ये स्वच्छ, निर्जीव गोष्टी भरून आणल्या.

यातल्या सात-आठ गोष्टी रात्री, जेवणं झाल्यावर, एक-दोन लहान पोरं समोर बसवून पुन्हा घ्या. जुन्या दुपारच्या फाइली पुसू नका. दोन्ही ठेवा आणि शेजारी लावा. काय लांबलं, ते बघा. माझ्या अनुभवात सुरुवात आणि शेवट फारसे लांबत नाहीत. लांबतात त्या परत परत येणाऱ्या जागा : चिमणीची कामं, राक्षसाच्या घरातल्या खोल्या, म्हातारीला वाटेत भेटणारी जनावरं. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गाणाऱ्यांकडे हेच पाहिलं. हजारो ओळी म्हणणारा गायक ते पाठ करत नाही, ठरलेली वाक्यं आणि ठरलेले प्रसंग हाताशी धरून प्रत्येक वेळी नव्याने जुळवतो. आजीचं ‘कवाड उघड’ ही ठरलेली ओळ, आणि मधली कामं त्या दिवशीच्या पोरांच्या डोळ्यांतल्या झोपेनुसार. नातू पेंगायला लागला की आजींच्या चिमणीने तीन कामांत दार उघडल्याचं मी ऐकलंय.

आता प्रॉप. व्लादिमीर प्रॉपने 1928 मध्ये जे केलं ते अफनास्येवच्या संग्रहातल्या शंभर रशियन अद्भुत कथांवर केलं. त्याचा दावाही तेवढ्याच प्रकाराबद्दल आहे. राजपुत्र घर सोडतो, मनाई मोडतो, परीक्षा देतो, जादूची वस्तू मिळवतो, असल्या कथा. सगळी 31 कार्ये एका कथेत यावीत असंही तो म्हणत नाही. जी येतात ती ठरल्या क्रमाने येतात, एवढं त्याचं म्हणणं. काऊ-चिऊला हा तक्ता लावला तर बैलाला खोगीर घातल्यासारखं होईल. तुमच्या यादीत मला अद्भुत म्हणाव्यात अशा पाच-सहा गोष्टी दिसतात. तिथं जरूर लावा, मार्गदर्शकही खूश होतील. आणि जिथं क्रम तुटतो तिथं थांबा. माझ्याकडच्या एका गोष्टीत नायक जादूची वस्तू मिळवून घरी येतो आणि ती आईच्या हवाली करतो. पुढचे सगळे पराक्रम म्हातारी करते. तक्त्यात नायकाची पुढची घरं रिकामी राहिली, आणि प्रबंधात मी त्या रिकाम्या घरांवरच सगळ्यात जास्त लिहिलं.

व्रताच्या कहाण्यांना मात्र प्रॉप नको. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ इथं कथा फिरते ती वसा टाकल्यावर. कोण टाकतं, बहुधा वैभव आल्यावर. मग काय हरवतं, आणि कोण आठवण करून देतं. तिची रचना वेगळी आणि भाषाही वेगळी. तुमच्या आजी एरवी वऱ्हाडीत बोलत असतील, पण ‘आटपाट नगर होतं’ म्हणताना आवाज बदलून पुस्तकी मराठीत जात असतील. तपासा. माझ्या बहुतेक निवेदिकांचं तसं झालं, कारण कहाणी छापील पोथीतून ऐकलेली होती.

म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येते ती गोष्ट कथाप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत 122एफ या क्रमांकाखाली येते. इराणात आणि बंगालातही तिच्या बहिणी आहेत. सूचीचा क्रमांक जरूर द्या, परीक्षकाला शोधायला सोपं. पण क्रमांक हा पत्ता आहे. घरात कोण राहतं ते त्यावरून कळत नाही.

वर्गीकरण करताना आधी आजीला करू द्या. तिला एकेका गोष्टीचं नाव सांगा आणि विचारा, ही कशाबरोबर ठेवू? आमच्या दिग्रसच्या आजींनी तीन ढीग केले : ‘गोठ’, ‘काहानी’ आणि ‘झालेली’. वावरातून येताना चकवा लागला ती ‘झालेली’. गंमत म्हणजे एका राजाची गोष्टही त्यांनी ‘झालेली’त टाकली, कारण त्या राजाचा किल्ला त्यांनी मुलीकडे जाताना बसमधून पाहिला होता. मिथक, दंतकथा, लोककथा ही पाठ्यपुस्तकातली विभागणी नंतर त्यावर ठेवा आणि कुठं जुळत नाही ते लिहा.

राहिल्या त्या तीन गोष्टी. आजी नको म्हणते त्याची कारणं निरनिराळी असू शकतात. एखादीत गावातल्या चालत्या-बोलत्या घराची बदनामी असेल. एखादी बायकांनी बायकांतच सांगायची असेल. एखादी तिच्या मेलेल्या लेकराशी जोडलेली असेल. कारण विचारा, पण एकदाच. नाव-गाव बदलून छापू का, हेही विचारा. कधी कधी तेवढ्यावर त्या हसून हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर त्या तीन फाइली वेगळ्या करून आजीला किंवा तुमच्या आईला द्या, विभागाच्या संगणकावर ठेवू नका. विद्यापीठात जमा झालेला प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला मिळतो, हे आजीला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि बाकीच्या वीस गोष्टींनाही तेव्हाच पुन्हा एकदा हो म्हणवून घ्या. प्रबंधात सरळ लिहा : ऐकल्या 23, आजीच्या सांगण्यावरून दिल्या 20. परीक्षकाने उरलेल्या तिन्हींबद्दल विचारलं तर आजीचा नकार सांगा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.